विराम लेखनिकाचा, रचना वक्त्याची : ‘गीता-प्रवचने’तील वाक्य

मराठी गद्यशैलीच्या चर्चेत शब्दकळेस जितका मान मिळतो तितका वाक्यरचनेस मिळत नाही. चिपळूणकरांच्या १८७४ साली सुरू झालेल्या ‘निबंधमाले’विषयी लिहिताना अभ्यासकास वाक्याकडे पाहावेच लागते, कारण तेथील दीर्घ वाक्यप्रबंध डोळ्यांत भरतो. आखूड वाक्याच्या वाट्यास मात्र ‘साधे’, ‘सोपे’, ‘सरळ’ ही तीन विशेषणे येतात आणि विवेचन तेथेच थांबते. विनोबांच्या गद्याविषयी हेच घडत आले आहे.

विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातील गागोदे येथे झाला. गीतेचे दुसरे प्रसिद्ध प्रवचनकार पांडुरंगशास्त्री आठवले हे १९२० साली शेजारच्या रोह्यास जन्मले, हा एक लक्षणीय योग आहे. परंतु त्यावरून या गद्यात उत्तर कोकणच्या बोलीचा शोध घेऊ नये. विनोबा बालपणीच बडोद्यास गेले, आणि त्यांच्या वाक्याची घडण बोलीपेक्षा संस्कृत सूत्रांशी व ज्ञानेश्वरीशी अधिक जवळची आहे.

येथे एक अडचण उभी राहते, आणि ती पाठचिकित्सेची आहे. ‘गीता-प्रवचने’ हा ग्रंथ विनोबांनी लिहिलेला नाही. धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात अठरा रविवारी ही प्रवचने झाली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. लेखनिक सामान्य नव्हता. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात ज्याने ‘श्यामची आई’ लिहिली, त्याचा हात या वाक्यांवरून फिरला आहे. मग ज्यास आपण विनोबांची शैली म्हणतो ती नेमकी कोणाची?

अलीकडे वाक्यातील शब्द मोजून सरासरी काढण्याची पद्धत विद्यार्थ्यांना फार आवडू लागली आहे. या ग्रंथापुरती तरी ती निरुपयोगी आहे. बोलण्यात पूर्णविराम नसतो. असतो तो थांबा, आणि त्या थांब्याचे पूर्णविरामात, अर्धविरामात की ‘आणि’मध्ये रूपांतर करावयाचे हे टिपणारा ठरवितो. वक्त्याने छापील पाठ मान्य केला तरी मुळातील निर्णय लेखनिकाचाच राहतो. म्हणजे वाक्याचा आखूडपणा, ज्यावर सारी स्तुती उभी आहे, तोच विनोबांच्या नावावर निःशंकपणे मांडता येत नाही.

याउलट शब्दक्रम आणि उपवाक्यांची जोडणी ही ऐकणाऱ्याच्या स्मरणात जशीच्या तशी उतरण्याचा संभव अधिक असतो. त्यांचा साचा कानास धरून राहतो. ‘कारागीर मूर्ती घडवितो आणि भाविक तिला देव करतो’ हे वाक्य घ्या (उदाहरण माझे; पेणच्या गणेशमूर्ती मनात होत्या एवढेच). आता तेच असे म्हणा : ‘घडवितो तो कारागीर, देव करतो तो भाविक.’ अर्थ जवळजवळ तोच राहिला. परंतु क्रियापद आधी येऊन कर्ता शेवटी गेला, आणि मराठीत जे स्थान सहसा क्रियापदाचे, तेथे कर्ता येऊन बसल्यामुळे सारा भार त्याच्यावर पडला. दुसरा अर्धा पहिल्याच्या साच्यात बसल्याने विधानाची व्याख्या झाली. असे वाक्य टिपताना मोडणे कठीण. मोडले तर त्यातील विचारच मोडतो.

विनोबांचे वाक्य याच जातीचे आहे. ‘जो–तो’, ‘जेथे–तेथे’ अशी जोडी, ‘आहे’ गाळून केलेले नामवाक्य, आणि एका पदाने उघडलेला विचार दुसऱ्या अर्ध्यात मिटविणे ही त्याची लक्षणे होत. याचा पडताळा ‘विचारपोथी’त पाहावा. ती त्यांची स्वतःची टिपणे आहेत, तेथे मध्ये कोणी लेखनिक नाही, आणि तरी घडण हीच आहे. ‘श्यामची आई’तील वाक्य वेगळ्या रीतीने वाढते. ते उद्गाराने, संबोधनाने, एकाच भावनेच्या पुनरावृत्तीने पुढे सरकते. ‘गीता-प्रवचने’त जेथे दृष्टांत ओलावतो आणि उद्गार एकामागून एक येतात, तेथे गुरुजींचा हात असावा असे मला वाटते. सिद्ध करता येईल असे म्हणत नाही.

ही रचना केवळ अलंकार नव्हे, हे बाराव्या अध्यायावरील प्रवचनात दिसते. लक्ष्मण सगुण भक्तीचा आणि भरत निर्गुण भक्तीचा, अशी जोडी तेथे समोरासमोर ठेवली आहे. रचना समांतर असल्याने दोन भक्ती प्रथम विभक्त होतात. नंतर त्या परस्परपूरक ठरतात. म्हणजे भेद दाखविण्यासाठी उभी केलेली जोडीच अभेदाकडे वळविली जाते. कर्म, विकर्म आणि अकर्म यांच्या विवेचनातही रचनेने असेच काम केले आहे. तेथे तीन पदांतील संबंध जवळजवळ समीकरणासारखा होतो.

या वाक्याचा दोषही याच ठिकाणी आहे. समांतर जोडी फार लवकर पाठ होते. श्रोता पहिला अर्धा घेऊन घरी जातो आणि लक्ष्मण व भरत कायमचे दोन बाजूंस बसवितो. ज्या वाक्यांनी त्यांना पुन्हा एकत्र आणले ती तशी घोटीव नसल्याने मागे राहतात. सुभाषितसंग्रहांत विनोबांची जी वचने तुटकपणे छापली जातात त्यांत हा तोटा पदोपदी जाणवतो. अशा एखाद्या वचनाची चर्चा करण्यापूर्वी त्याच्या पुढची चार वाक्ये मूळ प्रवचनात वाचून पाहावीत. बहुधा जोडीचा दुसरा फेरा तेथेच सुरू झालेला असतो.