नोंद नाही म्हणजे घडलं नाही का?

मंडळी, विषय पत्रकारितेचा आणि बोलणारा तत्त्वज्ञानाचा माणूस, तेव्हा तुम्हाला थोडं चमत्कारिक वाटेल. पण रुक्मिणी एस. यांचं लेखन वाचताना मला सारखे कुमारिल भट्ट आठवत होते. ते का, ते पुढं येईलच.

रुक्मिणी एस. चेन्नईच्या. 'द हिंदू' दैनिकात आकडेवारीचं काम पाहिलं, मग नोकरी सोडून स्वतंत्रपणे लिहू लागल्या. २०२० साली करोना आल्यावर 'द मूव्हिंग कर्व्ह' हे पॉडकास्ट केलं. २०२१ च्या अखेरीस 'होल नंबर्स अँड हाफ ट्रुथ्स' हे पुस्तक आलं. हा झाला परिचय.

त्यांची खरी ओळख पटते ती २०१४ च्या एका कामातून. दिल्लीत बलात्काराचे गुन्हे वाढले, अशी ओरड होती. पोलिसांचा आकडा छापून मोकळं होता आलं असतं. या बाईंनी २०१३ मध्ये दिल्लीच्या जिल्हा न्यायालयांत निकाल लागलेले सुमारे सहाशे खटले वाचून काढले. ज्यांची सुनावणी पूर्ण झाली होती, त्यांतले चाळीस टक्क्यांहून अधिक खटले मुलगा-मुलगी पळून गेल्याचे आणि मुलीच्या घरच्यांनी फिर्याद दिल्याचे निघाले. आणि दुसरीकडे, खरोखर अत्याचार झालेल्या कितीतरी बायका ठाण्याची पायरीही चढत नाहीत. म्हणजे आकडा एका बाजूनं फुगलेला आणि दुसऱ्या बाजूनं खंगलेला, दोन्ही एकाच वेळी! तो खोटा होता का? नाही. ठाण्यात काय नोंदलं गेलं, एवढंच तो सांगत होता.

आता करोना. रोज संध्याकाळी बुलेटिन यायचं, इतके बाधित, इतके मृत. रुक्मिणी एस. बुलेटिन सोडून जन्ममृत्यूच्या नोंदीकडं वळल्या. माणूस कशानं गेला हा वाद नंतर, आधी एकूण माणसं किती गेली ते बघू. मध्य प्रदेशात मे २०२१ या एका महिन्यात १ लाख ६० हजारांवर मृत्यू नोंदले गेले होते. २०१९ च्या मे महिन्यात हाच आकडा ३१ हजारांच्या आसपास होता. आणि त्या महिन्याचे सरकारी करोनामृत्यू? अडीच हजारांच्या घरात.

पुढं केंद्राच्याच नोंदी आल्या, त्याही २०२५ साली! देशात २०१९ मध्ये ७६.४ लाख मृत्यू नोंदले गेले, २०२० मध्ये ८१.२ लाख, २०२१ मध्ये १०२ लाख. ही सगळी वाढ करोनाची म्हणता येत नाही, नोंदणीही सुधारत होती. पण एका वर्षात एकवीस लाखांची उडी नुसत्या सुधारणेनं बसत नाही.

इथं कुमारिल येतात. एखादी वस्तू दिसत नाही म्हणून ती नाही, हे ज्ञान प्रमाण आहे, असं ते मानतात. त्याचं नाव अनुपलब्धी. पण अट कडक आहे. खोलीत घागर नाही असं म्हणायचं तर खोलीत उजेड हवा. घागर असती तर दिसलीच असती, अशी स्थिती हवी. अंधारात घागर दिसली नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. जुलै २०२१ मध्ये राज्यसभेत उत्तर आलं, की ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचं राज्यांनी स्वतंत्रपणे कळवलेलं नाही. वाक्य अक्षरशः खरं असेल. पण असं कळवायचा रकाना तरी होता का? त्याच वर्षी २१ एप्रिलला नाशिकच्या झाकिर हुसेन रुग्णालयात टाकीतून ऑक्सिजनची गळती झाली आणि किमान २२ रुग्ण गेले, हे आपण सगळ्यांनी ऐकलं होतं.

आता माझी तक्रार. हीच कुमारिलांची अट रुक्मिणी एस. यांच्या पद्धतीलाही लागते. नोंद जिथं धड होते, तिथंच जादा मृत्यू दिसतात. जिथं रजिस्टरच कोरं, तिथली साथ त्यांच्याही तक्त्यात उतरत नाही. बायकांच्या मृत्यूची नोंद पुरुषांपेक्षा कमी होते. कारणाचं तर विचारूच नका: २०२० साली नोंदलेल्या मृत्यूंपैकी २२.५ टक्क्यांचंच कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेलं होतं. त्यात कायद्यानं मृत्यू घडला तिथं नोंद होते. आपल्या चारठाण्याचा माणूस परभणीच्या दवाखान्यात गेला तर तो परभणीच्या रजिस्टरात. गावाचं दुःख गावाच्या वहीत नाही. त्या हे धोके जाणतात, लिहितातही. पण आलेख एकदा छापला की वाचकाला रेघ दिसते, रेघेखालचा अंधार दिसत नाही.

मोजणं सोपं नसतं हो. चारठाण्यात जुनी देवळं किती, हेच बघा. ज्याचं नुसतं जोतं उरलंय ते धरायचं? ज्याचे दगड कुणाच्या भिंतीत गेले ते? आधी देऊळ कशाला म्हणायचं ते ठरवा, मग बोटं मोजा.

आणखी एक खटकतं. हे सगळं इंग्रजीत. ज्यांच्या मरणाची ही गणती, त्यांच्या भाषेत ती परत येत नाही. दोष एकट्या बाईंचा नाही. महिनाभर सरकारी नोंदी चाळायचे पैसे मराठी वर्तमानपत्र कुणाला देतं? नोकरी नसलेल्या एका लेखिकेनं हे काम केलं, ते तिच्या हिकमतीवर. ती आजारी पडली असती, तर?

असो. बराच वेळ बोललो. सभेला कुणी ग्रामसेवक आले असतील, तर पहिला प्रश्न त्यांचा घेऊ.