मौनाची साक्ष आणि संभाव्यतेचे गणित

अभावाचा अर्थ लावणे हे भाषेच्या इतिहासकाराचे नित्याचे काम होय. एखादे रूप शिलालेखांत आढळत नाही, एवढ्यावरून ते बोलीत नव्हते असे म्हणता येत नाही. ते असते तर कोरले जाण्याचा संभव किती होता, हे आधी ठरवावे लागते. लॉरेन्स स्टोन व त्यांचे तीन सहकारी यांनी २०१४ साली ‘स्टॅटिस्टिकल सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या निबंधाचा विषय विमानशोध असला, तरी त्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे.

रिओहून पॅरिसकडे जाणारे एअर फ्रान्सचे ४४७ क्रमांकाचे विमान १ जून २००९ रोजी अटलांटिक महासागरात कोसळले. २२८ जण मृत्युमुखी पडले. नोंदयंत्रांवरील ध्वनिप्रेषके पाण्यात सुमारे तीस दिवस खूण देत राहावीत, अशी योजना होती. त्या अवधीत शोधनौकांना काहीच ऐकू आले नाही.

शेवटचे ज्ञात स्थान, पूर्वीच्या अपघातांचा अनुभव आणि तरंगत्या अवशेषांचा उलट मागोवा यांना सापेक्ष महत्त्व देऊन निबंधकारांनी बेझच्या सिद्धान्तानुसार संभाव्यतेचा नकाशा रचला. शोध निष्फळ ठरलेल्या भागाची संभाव्यता त्यांनी घटविली. ती शून्य मात्र मानली नाही. या पद्धतीचे खरे सामर्थ्य येथेच आहे. दोन्ही प्रेषके निकामी झाली असावीत, असे गृहीत धरून त्यांनी आणखी एक नकाशा काढला. ३ एप्रिल २०११ रोजी, नवा शोध सुरू झाल्यावर साधारण आठवडाभरात, सुमारे ३,९०० मीटर खोलीवर अवशेष सापडले. ती जागा या दुसऱ्या नकाशात उच्च संभाव्यतेच्या भागात होती.

तथापि एका यशाने पद्धती सिद्ध होत नाही. आरंभीचे महत्त्वमापन तज्ज्ञांच्या विवेकावर आधारलेले होते; आकड्यांत मांडल्याने विवेक वस्तुनिष्ठ होत नाही, फक्त तपासण्याजोगा होतो. प्रेषकांविषयीची शंकाही गणिताने निर्माण केली नाही; ती माणसाने गणितात घातली.

पुढे नोंदयंत्रे हाती आल्यावर बी.ई.ए. या फ्रेंच अन्वेषणसंस्थेचा अंतिम अहवाल २०१२ साली प्रसिद्ध झाला. वेगमापक नळ्यांत हिमकण साचून वेगाच्या नोंदी विसंगत झाल्या, स्वयंचालन सुटले, आणि विमान स्टॉलच्या अवस्थेत गेले. मोजलेला वेग ६० नॉटच्या खाली उतरला की स्टॉलचा इशारा बंद पडे. नाक खाली करताच तो पुन्हा सुरू होण्याचा संभव होता. म्हणजे योग्य कृतीला धोक्याचा आवाज आणि घातक अवस्थेला शांतता, असा विपर्यास त्या यंत्रणेत होता.

समुद्रात मौनाचा अर्थ ‘विमान येथे नाही’ असा होऊ शकत होता. वैमानिककक्षात ‘धोका टळला’ असा. विमानसुरक्षेचे आकडे वाचताना अपघात न घडलेली वर्षे हेही एक मौनच आहे. ते कशामुळे आहे, हे विचारल्यावाचून त्याला साक्षीचा दर्जा देऊ नये.