लेव्हल शिफ्टर: दोष खाऱ्या हवेचा की आपल्या निवडीचा?

रेवदंड्याच्या खाडीत भरतीची पातळी मोजणाऱ्या आमच्या यंत्राच्या नोंदींत मागच्या पावसाळ्यात खड्डे पडायला लागले. ज्या अमावास्येच्या उधाणासाठी सगळा खटाटोप, तीच नोंद गेली. इथल्या रिवाजाप्रमाणे दोष खाऱ्या हवेला दिला. कनेक्टर बदलले, फरक शून्य.

खरा गुन्हेगार लेव्हल शिफ्टर. सेन्सर 5 व्होल्टचा, कंट्रोलर 3.3 व्होल्टचा, बोलणं आय-टू-सी वर. मध्ये आम्ही सगळेच लावतो तो चार चॅनेलचा स्वस्त मॉड्यूल लावला.

या मॉड्यूलला सरसकट नावं ठेवणं बरोबर नाही. प्रत्येक वायरला एक मॉसफेट आणि दोन रेझिस्टर, बस्स. फिलिप्सच्या 1997 च्या टिपणातलं हे सर्किट दोन्ही दिशांनी चालतं आणि कमालीचं साधं आहे. पण त्यात सिग्नल खाली ओढायला मॉसफेट असतो, वर चढवायला मात्र 10 किलोओहमचा रेझिस्टरच. टेबलावर वीतभर वायर होती, तिथे सगळं सुरळीत. खाडीत केबल 3 मीटर. मीटरला साधारण 100 पिकोफॅरड धरले, तर 300 पिकोफॅरड गुणिले 10 किलोओहम म्हणजे 3 मायक्रोसेकंदांचा कालस्थिरांक. चढायला 2 मायक्रोसेकंदांहून जास्त वेळ लागतो. 100 किलोहर्ट्झला परवानगी फक्त 1 ची, 400 ला तर 0.3 ची!

म्हणजे चूक मॉड्यूलची कमी, न मोजता निवडणाऱ्या आमची जास्त. 5 व्होल्टच्या बाजूला 3.3 किलोओहमचे जादा पुल-अप लावून वेग 100 किलोहर्ट्झवर ठेवला, की गणित जमतं. 'दिशा आपोआप ओळखणारे' काही शिफ्टर याहून फसवे: त्यांचा आउटपुट इतका कमजोर असतो की पुल-अपशी झटापट होते. यूआर्टसारखी एकाच दिशेची वायर असेल तर 3.3 वरून 5 ला जाताना 74एचसीटी125 बरा. तो 2 व्होल्टलाच 'हाय' मानतो. उलट दिशेला, वेग कमी असेल तर, 1 आणि 2 किलोओहमचा विभाजक पुरतो. आणि केबल खरंच लांब असेल, तर शिफ्टरचा नाद सोडून आरएस-485 घ्यावं.

शेजारच्या अलिबागला चुंबकीय वेधशाळा 1904 साली आली, ती मुंबईतल्या विजेच्या ट्रामचा उपद्रव टाळायला. उपकरण कुठे बसणार, याचा विचार त्यांनी आधी केला होता. आम्ही केबलची लांबीसुद्धा विचारली नव्हती. तुमच्या प्रोजेक्टच्या अहवालात 'लेव्हल शिफ्टर वापरला' एवढंच लिहिलं असेल, तर शेजारी वायर किती आणि वेग किती, तेही लिहा.