मेसा प्रयोगशाळा, बोल्डर

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कोलोरॅडो राज्यात बोल्डर शहराच्या नैर्ऋत्येस, रॉकी पर्वताच्या पायथ्याशी असलेली वातावरणविज्ञानाच्या संशोधनाची वास्तू. वास्तुशिल्पज्ञ आय. एम. पेई (१९१७–२०१९) यांनी ‘नॅशनल सेंटर फॉर ॲटमॉस्फेरिक रिसर्च’ या १९६० मध्ये स्थापन झालेल्या संस्थेसाठी तिचा आराखडा केला. काम पेई यांच्याकडे १९६१ मध्ये आले आणि वास्तूचे उद्‌घाटन १९६७ मध्ये झाले. निसर्गाशी एकरूप झालेल्या आधुनिक वास्तूचे उदाहरण म्हणून तिचा नेहमी उल्लेख होतो. परंतु ही एकरूपता नेमकी कशात आहे, याविषयी बरेचदा सैलपणे लिहिले जाते.

टेबल मेसा ही सपाट माथ्याची टेकडी. तिच्या पाठीशी ‘फ्लॅटआयर्न्स’ नावाचे तांबूस वालुकाश्माचे प्रचंड तिरपे सुळके उभे आहेत. डोंगरउतारावर वस्ती चढू नये म्हणून बोल्डरच्या नागरिकांनी १९५९ मध्ये ५,७५० फुटांवरील (सु. १,७५३ मी.) जागेस नगराचे पाणी देण्यास मनाई केली होती. प्रयोगशाळेची जागा या रेषेच्या वर येत असल्याने तिच्यासाठी वेगळे मतदान घेऊन अपवाद करावा लागला. मोकळी राखलेली टेकडी लोकांनी विश्वासाने सोपविली होती. ती विद्रूप झाली असती, तर तो केवळ सौंदर्यदृष्टीचा दोष ठरला नसता.

पेई यांचा तोपर्यंतचा अनुभव मुख्यतः शहरांतील बांधकामांचा होता. तेथे शेजारच्या इमारतींवरून नव्या इमारतीचे प्रमाण ठरते. येथे शेजारी पर्वत होता. त्याच्यासमोर त्यांचे सुरुवातीचे आराखडे खुजे वाटू लागले. वाट सापडली ती याच राज्यातील मेसा व्हर्दे येथे. तेथील प्वेब्लो लोकांच्या पूर्वजांनी कड्यांच्या कपारींत बांधलेली दगडी घरे पाहून त्यांनी निरलंकृत, भरीव घनाकारांची भाषा स्वीकारली. जवळच्या खाणीतील दगड भरडून काँक्रीटमध्ये मिसळण्यात आला आणि भिंतींचा पृष्ठभाग हातोड्यांनी टाचून खडबडीत करण्यात आला. त्यामुळे सुळक्यांशी नाते सांगणारी तांबूस छटा आली आणि सकाळ-संध्याकाळच्या उन्हाबरोबर तीही पालटते.

मात्र वास्तूचे यश रंगात आहे, असे मानणे उथळपणाचे होईल. खरे मर्म प्रमाणात आहे. सामान्य कार्यालयीन इमारतीत खिडक्यांच्या आडव्या ओळी असतात. त्या मोजून डोळा मजले मोजतो आणि मजल्यांवरून माणसाची उंची ताडतो. एकदा ही मोजपट्टी हाती आली, की पर्वताच्या तुलनेत इमारत खेळण्यासारखी दिसते. पेई यांनी ती मोजपट्टीच काढून घेतली. खिडक्या उंच, अरुंद फटींत एकत्र केल्या. मनोऱ्यांच्या माथ्यावर पुढे आलेल्या टोपणांच्या सावलीत वरचे मजले झाकले. परिणामी दुरून पाहताना मजले किती हे चटकन उमगत नाही आणि पाच मजल्यांची वास्तू सुळक्यांपुढे ताठ उभी राहते. ती लपत नाही. शहरातून ती स्पष्ट दिसते, आणि तशी दिसावी अशीच तिची योजना आहे.

म्हणूनच मेसा व्हर्देशी केली जाणारी तुलना एका मर्यादेपलीकडे नेता येत नाही. ती घरे कड्याच्या आश्रयाला आहेत आणि त्यांचे माप माणसाच्या हाताचे आहे. प्रयोगशाळा उघड्या माथ्यावर, वाऱ्यात उभी आहे. वुडी ॲलन यांच्या ‘स्लीपर’ (१९७३) या चित्रपटात बाविसाव्या शतकातील जग दाखविण्यासाठी हीच वास्तू वापरली गेली, ही गोष्ट गमतीची खरी. पण प्राचीनतेचा भास किती वरवरचा आहे, हेही तीतून कळते.

लुई कान यांनी कॅलिफोर्नियातील ला होया येथे बांधलेल्या सॉल्क संस्थेत (१९६५) याच प्रश्नाचे उलटे उत्तर आढळते. तेथील काँक्रीट समुद्रकड्याचे सोंग घेत नाही. दोन ओळींमधील रिकामे प्रांगण पॅसिफिककडे उघडते आणि निसर्गाला स्वतः बाजूला होऊन जागा देते.

पेई यांच्या उत्तराची किंमत आत राहणाऱ्यांनी चुकविली. संस्थेचे पहिले संचालक, सौरखगोलज्ञ वॉल्टर ऑर रॉबर्ट्स यांना लांब सरळ मार्गिका नको होत्या. शास्त्रज्ञांच्या अवचित भेटी व्हाव्यात आणि एकांतही मिळावा, अशी त्यांची अपेक्षा होती. त्यानुसार आतली रचना खेड्यातील गल्ल्यांसारखी वळणावळणाची झाली आणि मनोऱ्यांच्या टोकाला चिंतनासाठी छोट्या खोल्या निघाल्या. या खोल्या हा आराखड्यातील सर्वांत मनोहर भाग होय. नवख्याला मात्र वाट सापडत नाही, आणि बाहेरचे घनाकार अभंग राखण्याच्या हट्टापायी अनेक खोल्यांच्या वाट्याला समोरच्या पर्वताची केवळ एक फट येते. वातावरणाचा अभ्यास करणाऱ्यास आकाश इतके मोजून मिळावे, हा या वास्तूचा खरा दोष होय.

परिसराच्या बाबतीत संयम अधिक कडक होता. माथ्यावरील गवत व झुडपे शक्य तेवढी जशीच्या तशी राखली गेली. रस्ता सरळ न नेता वळवून आणल्यामुळे वास्तू कधी पुढे येते, कधी दडते. प्रवेशदारापाशी येईपर्यंत तिची एकच एक बाजू मनात ठसत नाही. मूळ आराखड्यात दक्षिणेकडे तिसरा मनोरा होता. खर्चाच्या मर्यादेमुळे तो गाळण्यात आला आणि एकमेकांस तोलून धरणाऱ्या तीन घनाकारांपैकी दोनच उभे राहिले.