शब्दांची वस्ती

अनुवादात काव्याचा गंध उडतो, ही आपल्या समीक्षकांची नेहमीची तक्रार. फारसी कविता इंग्रजीत जाते तेव्हा गंधाहून महत्त्वाचे काही हरवते: शब्दांची सामाजिक जागा.

हाफिझचा 'खराबात' हा शब्द घ्या. मूळ अर्थ पडके, उजाड ठिकाण. त्यावरून बदनाम गुत्ता. इंग्रजीत 'टॅव्हर्न' लिहिले की वाचकाला वाटसरूंची उबदार खाणावळ दिसते. 'पीर-ए-मुगाँ' म्हणजे जरथुष्ट्री लोकांतला वडीलधारा, मद्य विकणारा. मुसलमानाला मद्य निषिद्ध. ते विकणारा परधर्मी, हीन मानलेला. हाफिझ त्यालाच गुरुस्थानी बसवतो. १३५३ मध्ये शिराज जिंकणाऱ्या मुबारिझुद्दीनने गुत्ते बंद केले, त्या काळात या शब्दांना धार होती. अनुवादात नुसता 'म्हातारा गुत्तेवाला' आला की विद्रोह जातो, मौज उरते.

दोष एकट्या भाषेचा नाही. उमर खय्यामच्या रुबायांचा अनुवाद १८५९ मध्ये छापणाऱ्या फिट्झजेराल्डने १८५७ च्या एका पत्रात लिहिले होते, की या फारसी कवींशी हवी तशी मोकळीक घेण्यात आपली करमणूक होते. त्यांना आकार देण्यासाठी थोडी कला हवीच. ही राज्यकर्त्या भाषेची मिजास आहे. अनुवाद सुंदर आहे म्हणून ती माफ होत नाही.

आज दलित आत्मकथने इंग्रजीत जात आहेत. 'महारवाडा' या शब्दाचे तिथे काय होते, हे आपणच तपासले पाहिजे. तळटीप लांबली तरी चालेल; वस्ती पुसली जाता कामा नये.