सैतान, काळं पित्त आणि म्हातारीचा जबाब

आज आपण चेटकिणींच्या खटल्यांना विरोध करणारं एक पुस्तक वाचणार आहोत. योहान वायर यांचा लॅटिन ग्रंथ, 'दे प्रेस्टिगिईस देमोनुम', म्हणजे सैतानांच्या भुलावण्यांविषयी. तो १५६३ मध्ये बाझलला छापला गेला. वायर हे क्लेव्हच्या ड्यूकचे वैद्य. विसाव्या शतकात ग्रेगरी झिलबोर्ग यांच्यासारख्या लेखकांनी त्यांना आधुनिक मानसोपचाराचा आरंभकर्ता ठरवलं. आपल्याला हे वाचन पुरतं पटत नाही. का, ते पाहू.

वायर यांचा युक्तिवाद असा. शरीरात काळं पित्त वाढलं की कल्पनाशक्ती गढूळ होते आणि अशा मनात शिरणं सैतानाला सोपं जातं. मग म्हातारीला वाटतं, आपण रात्री उडत गेलो, गारा पाडल्या, शेजाऱ्याचं मूल मारलं. प्रत्यक्षात तिनं यातलं काहीच केलेलं नसतं. सैतानाशी झालेला करारही पोकळच. भ्रमात केलेल्या कराराला किंमत कसली? तेव्हा अशा बाईला उपचार हवेत, आग नव्हे. त्या काळात हे छापायला धैर्य लागत होतं, हे आधी मान्य करू.

पण नीट बघा हं. इथे सैतान हद्दपार झालेला नाही, उलट त्याचं काम वाढलंय! गावोगावच्या बायका एकसारखीच कथा का सांगतात? एकट्या पित्तानं याचं उत्तर मिळत नाही. भुलवणारा एकच आहे, असं म्हटलं की मिळतं. म्हणजे 'आजार की भूत' हा आपला प्रश्न वायर यांच्यावर लादता येत नाही. त्यांच्या लेखी आजार हेच भुताचं दार होतं.

फ्रेंच कायदेपंडित जाँ बोदँ यांनी १५८० मध्ये त्यांच्यावर तुटून पडताना वैद्यकाचंच शस्त्र वापरलं. बायकांची प्रकृती थंड नि ओली, त्यांना असं पित्त होईलच कसं? म्हणजे शरीरशास्त्र तेच, फक्त निकाल उलटा. ज्या शास्त्रातून दया निघते त्यातूनच चिताही निघत असेल, तर त्या दयेचा पाया कच्चा म्हणायचा.

आमचा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. वायर बाईला वाचवतात ते तिचं म्हणणं बाद करून. बोदँ तिचा कबुलीजबाब खरा धरतात, वायर तो भ्रम धरतात. ती नेमकं कशाबद्दल बोलतेय, हे दोघंही विचारत नाहीत.

ते विचारलं इंग्लंडच्या रेजिनाल्ड स्कॉट यांनी, १५८४ मध्ये. वायर त्यांनी वाचले होते. पण त्यांनी दारोदार दूध मागत फिरणारी म्हातारी दाखवली. तिला हाकललं जातं, ती शिव्याशाप देते, पुढे कुणाचं मूल आजारी पडतं, आणि मग बोट तिच्याकडे वळतं. इथे पित्ताइतकीच भूक आणि शेजारही मोजावा लागतो. मनावर कुणाचा ताबा आहे, हे शोधण्याआधी त्या माणसाला दारातून कुणी परत पाठवलं, हे पाहायला हवं. वायर यांच्या ग्रंथात आपल्याला उणीव जाणवते ती याचीच.