प्रेक्षकाचा दम

मराठीत 'दम' हा शब्द जेवढा राबतो तेवढा दुसरा कुठलाही शब्द राबत नसेल. बाप मुलाला दम देतो, आई पाहुण्यांना 'भात होतोच आहे, जरा दम धरा' म्हणते, गवयाच्या तानेत दम असतो, पैलवानाच्या छातीत असतो आणि कबड्डीतला गडी तर दम घुमवतच मध्यरेषा ओलांडतो. आपले खेळ आणि आपली करमणूक दोन्ही या एका अक्षरजोडीवर उभी होती, असे माझे मत आहे. तीस वर्षे दिल्लीत नोकरी करून 2024 च्या जुलैत मी कोल्हापुरात परत आलो, तेव्हा आधी हा दम कुठे दिसतो का ते पाहू लागलो.

दिल्लीत करमणुकीचा पहिला प्रश्न 'कार्यक्रम कसा आहे?' हा नसतोच. 'पास मिळेल का?' हा असतो. तिकीट काढून गाणे ऐकणाऱ्याकडे तिथे लोक सहानुभूतीने पाहतात. बिचाऱ्याची कुठे ओळख दिसत नाही! त्यामुळे तिकिटासाठी रांगा लावणाऱ्या माझ्या गावाचा मला तिकडे फार अभिमान वाटे.

या गावाची गोष्टच निराळी. शाहू महाराज 1902 साली विलायतेला जाऊन आले आणि पुढच्या काळात त्यांनी खासबागेचे कुस्तीचे मैदान बांधले. 1912 साली ते पुरे झाले. मध्ये आखाडा आणि भोवती अशी उतरती गोल बैठक, की शेवटच्या ओळीतल्या शेतकऱ्यालाही पैलवानाची पकड दिसावी. लगेच 1915 साली, या मैदानाच्या पाठीला पाठ लावून पॅलेस थिएटर उभे राहिले. तेच पुढे केशवराव भोसले नाट्यगृह झाले. प्रवासाहून परत येणाऱ्या माणसाने गावासाठी काय करावे, याचा हा आदर्श आहे. (मी दिल्लीहून येताना दोन रजया आणल्या.)

एका बाजूला ताक, तेल, हळद आणि लिंबू पाजून मऊ केलेली तांबडी माती, दुसऱ्या बाजूला पायपेटी आणि तबला. प्रेक्षक मात्र तोच. दुपारी कुस्ती बरोबरीत सोडवली म्हणून पंचांवर खवळणारा माणूस रात्री पटका सारखा करून नाटकाला बसे आणि पद आवडले की 'वन्स मोअर' देई. निकाली कुस्तीला घड्याळ नव्हते, संगीत नाटकालाही नव्हते. पैलवान चितपट झाला की कुस्ती संपे आणि कोंबडा आरवला की नाटक.

आता सगळीकडे घड्याळ आले आहे. गादीवरची कुस्ती तीन अधिक तीन मिनिटांची. कबड्डीची चढाई तीस सेकंदांची. घड्याळाशी माझे भांडण नाही. 2014 साली व्यावसायिक कबड्डी सुरू झाली, तिने गावच्या गड्याला पैसा दिला, नाव दिले. 2024 साली पुणेरी पलटण विजेती ठरली तेव्हा मी दिल्लीत शेजाऱ्यांना पेढे वाटले. पण एक विचारतो. चढाईत 'कबड्डी, कबड्डी' हा उच्चार स्पष्ट ऐकू आला पाहिजे, असा या खेळाचा कायदा. दूरदर्शनच्या पडद्यावर ढोल आणि शिट्ट्यांच्या गदारोळात तो कोणाला ऐकू येतो? गड्याचे ओठ हलताना दिसतात, बस्स. ज्या दमावर खेळ उभा, तेवढाच नेमका बाद! आणि लोण चढले की आम्ही गल्ली डोक्यावर घेत असू. आता ते 'ऑल आउट' झाले आहे.

माझे मामा एकेकाळी खासबागेत दुपारपासून उपाशी बसणारे. परवा पाहतो तो फोनवर अंगठा चालू.

"काय बघालायसा मामा?"

"कुस्ती."

वीस सेकंदांत पैलवान पडला. अंगठा सरकला. दुसरा पडला.

"अहो, पण त्याच्या आधी काय झालं?"

"आधीचं काय करायचंय? कोण पडला कळलं की झालं की!"

शेवटचे पान वाचून कादंबरी ठेवून देण्यासारखेच हे. पैलवान कसा पडला, यातच तर सगळी कुस्ती असते.

आणि त्याच ऑगस्टात एका आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. 1 ऑगस्टला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीला मिळवलेल्या पदकानंतर तब्बल 72 वर्षांनी महाराष्ट्राच्या वाट्याला वैयक्तिक ऑलिंपिक पदक आले. गुडघ्यावर, पालथे पडून आणि उभे राहून, असे तीन तऱ्हांनी नेम धरायचा आणि प्रत्येक गोळीआधी श्वास ताब्यात ठेवायचा. म्हणजे पुन्हा दमच! हा पठ्ठ्या रेल्वेत तिकीट तपासनीस होता, याचा मला विशेष आनंद झाला. पास मागणाऱ्यांच्या जमान्यात पदक आणले ते तिकीट तपासणाऱ्याने.

8 ऑगस्टच्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. गाव रस्त्यावर उभे राहून रडले. ते रडणे खोटे नव्हते. मामा तर लहान मुलासारखे हुंदके देत होते.

"पहिलं नाटक हितंच बघितलं रं, आबांच्या खांद्यावर बसून."

"आणि शेवटचं?"

मामांनी उपरण्याने डोळे पुसले. बराच वेळ आठवले.

"तवा तिकीट दोन रुपये हुतं," एवढेच म्हणाले.

नाट्यगृह पुन्हा उभारायचे ठरले, हे उत्तमच. दगडाला दगड लागेल, छप्पर चढेल, खुर्च्या येतील. पण दोन-तीन तास एका जागी बसून, पडणाऱ्याकडे आणि पाडणाऱ्याकडे सारख्याच मायेने पाहणारा माणूस कुठल्या निविदेत बसत नाही.

मात्र तो अगदीच नाहीसा झालेला नाही. शाहू स्टेडियमवर फुटबॉलच्या सामन्याला जाऊन पाहा. कोल्हापुरात फुटबॉलचे संघही तालमींचे. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, नावे ऐकून परक्याला वाटावे की आता लंगोट लावूनच मंडळी उतरणार. तिथे लोक उन्हात घामाघूम होऊन अख्खा सामना पाहतात, चुकलेल्या पासाबद्दल खेळाडूच्या सात पिढ्यांची विचारपूस करतात आणि सामना संपल्यावर कोपऱ्यावर उभे राहून तो पुन्हा पहिल्यापासून खेळतात. कोल्हापूरकराला पासाबद्दल एवढेच पोटतिडकीने बोलताना मी ऐकले आहे, आणि तो पासही फुटबॉलचा होता, याचे मला समाधान आहे.